फेस न आलेलं द्रावण

६ फेब्रुवारी

दूध गॅसवर ठेवलं होतं, कपडे भिजत घातले होते आणि मी जिना झाडत होते, तेव्हा ह्यांनी आतून हाक मारली, "अगं, हे बटण बघ जरा." सदऱ्याचं वरून दुसरं बटण. मी केरसुणी खाली न ठेवताच म्हटलं, "दोन हात दिलेत ना देवाने?" मग दूध उतू गेलं, ते पुसलं. कपडे पिळले, डबा भरला, पाण्याची मोटर सुरू करून आले. बटण उघडंच ठेवून हे कामावर गेले आणि संध्याकाळी तसेच परत आले. आजाराची सुरुवात डॉक्टरांनी कुठल्याशा तपासणीच्या तारखेपासून धरली. मी त्या सकाळपासून धरते.

आज ती सकाळ आठवली, कारण वन्संनी चहाचा कप दोन्ही हातांनी उचलला. मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं. म्हणाल्या, "थंडी आहे म्हणून." खिडकी बंद होती आणि अंगावर स्वेटर होता.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. चाळीस वर्षं गणित शिकवलं, लग्न केलं नाही. माझ्या संसारात त्यांनी काढलेल्या चुका लाल शाईने लिहिल्या असत्या तर एक वही भरली असती. हे गेले, त्याला सात वर्षं झाली. गेल्या वर्षी वन्संनाही तोच आजार निघाला. घराण्यातला आहे. आधी हात, मग पाय, मग गिळणं, मग श्वास. त्या एकट्या राहत होत्या, मी घेऊन आले. लोकांना वाटलं मी फार मोठं मन दाखवलं. खरं म्हणजे रिकाम्या घरात मला भांडायला कोणी नव्हतं.

११ फेब्रुवारी

कामाबद्दल इथे कधी नीट लिहिलं नाही.

ह्यांचं रक्त तपासायला ज्या प्रयोगशाळेत जायचं, तिथेच हे गेल्यावर मी भांडी धुवायला लागले. काचेची भांडी. तिथले लोक याच आजारावर औषध शोधत होते आणि मला त्या इमारतीबाहेर पडवत नव्हतं. सातवीपर्यंत शिकले होते. शब्दकोश घेऊन तिथल्या कागदांची एकेक ओळ वाचत गेले. आता माझ्याकडे बारा हजार कुप्यांची खोली आहे आणि प्रयोगाची द्रावणं मी करते. सगळे काकू म्हणतात.

काम असं. या आजारात शरीरातलं एक एन्झाइम अति काम करतं. ते चालू असलं की एक रंग चमकतो. बारा हजार रसायनं एकेक करून त्याच्यापुढे ठेवायची आणि कोणापुढे चमक मंदावते ते यंत्राने बघायचं. मंदावली तर त्याला हिट म्हणतात. मग सगळ्यांना आनंद होतो, आणि मग शंकासुर येतो.

शंकासुर आमचा रसायनतज्ज्ञ. हे नाव मोठ्या बाईंनी ठेवलं. मोठ्या बाई म्हणजे या विभागाच्या प्रमुख. त्याला कशाचंच खरं वाटत नाही. आज कुप्या लावताना मला पुन्हा शिकवत होता.

"काकू, दहा हिटमधले नऊ लबाड. रंगीत असतात ते प्रकाशच गिळतात, यंत्राला वाटतं एन्झाइम थांबलं. काही स्वतःच चमकतात. काही दिसेल त्याच्या गळ्यात पडतात, आज या एन्झाइमच्या, उद्या त्या."

"ते माझ्या वहीत आहेत," मी म्हटलं. लबाडांची वही मीच ठेवते. एकशे चाळीस नावं आहेत तिच्यात. पिवळी आणि नारिंगी मी कुपीवरूनच ओळखते.

"आणि चौथी जात? एकेकटे गरीब, पण पाण्यात पडले की टोळकं करतात. ते टोळकं एन्झाइमला धरून कोंडून ठेवतं. चमक मंदावते. औषध नाही, काही नाही, नुसती कोंडी. म्हणून द्रावणात डिटर्जंटचा थेंब. थेंब असला की टोळकं जमत नाही."

"म्हणजे तो थेंब पोलीस."

"पोलीस कसला, सासूबाई. नुसती खोलीत आली तरी गप्पा मोडतात."

फार दिवसांनी हसले.

१७ फेब्रुवारी

वन्सं पडल्या.

द्रावणाचा वीस लिटरचा जार संपला होता, म्हणून नवा करायला घेतला होता. तो एकदा केला की अडीच-तीन महिने पुरतो. कागदावर सहा जिन्नस आहेत. मी आधी सगळं टेबलावर मांडते, कागदावर सहाही खुणा करते आणि मगच हात लावते. स्वयंपाकातही माझं असंच असतं, काढून ठेवलेलं विसरत नाही. पाच झाले होते. डिटर्जंट शेवटी घालायचा, आधी घातला तर फेस येऊन माप चुकतं. मधासारखा दाट असतो तो, घाई चालत नाही. पिपेट उचललं तेवढ्यात शेजारीणबाईंचा फोन. पिपेट ठेवलं आणि तशीच पळाले.

न्हाणीघराच्या दारात पडल्या होत्या. मोडलं काही नाही. कपाळावर टेंगूळ आलंय. मी पोचले तेव्हा भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि शेजारीणबाईंच्या मुलीला अपूर्णांक समजावून सांगत होत्या.

"एवढ्यासाठी काम टाकून आलीस?"

"एवढ्यासाठी म्हणजे?"

"पडले. पृथ्वीचा गुणधर्म आहे तो."

त्यांना उठवायला मला तीन वेळा प्रयत्न करावा लागला.

१८ फेब्रुवारी

सकाळी गेले तर जारला झाकण आणि लेबल लावून कोणीतरी शीतखोलीत ठेवलं होतं. सहाही खुणा कागदावर होत्या, म्हणून तयार समजून उचललं असणार. मी काचनळीत थोडं घेऊन हलवून पाहिलं. नितळ, फेसाचा मागमूस नाही. बरं वाटलं. भांडी धुवायला होते तेव्हा एकदा माझ्या हातून साबणाचा अंश राहिला आणि मोठ्या बाईंचा आठवड्याचा प्रयोग वाया गेला. तेव्हापासून फेस दिसला की मी ते भांडं पुन्हा तीनदा धुते.

वन्संच्या कपाळाला लेप लावला.

३ मार्च

सदतीस हिट. एरवी पाच-सहा येतात.

शंकासुर म्हणाला, "हे काय, वऱ्हाड आलंय का?" माझी लबाडांची वही मागून घेतली. मोठ्या बाईंनी दुपारी डबा उघडलाच नाही. चोवीस मेला वरिष्ठांपुढे आढावा आहे. या आजारावरच्या कामातून काही निघालं नाही तर खोली दुसऱ्या गटाला मिळणार, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

१२ मार्च

सदतिसातले छत्तीस गेले. काही माझ्या वहीत होते, काही रंगीत, काही दुसऱ्यांदा तपासल्यावर गळाले. एक उरला.

मी त्याची कुपी हातात घेऊन पाहिली. पांढरीशुभ्र भुकटी. मला सहा वर्षांत कधी त्रास दिलेला नाही, कुठल्या दुसऱ्या एन्झाइमच्या वाटेला गेलेला नाही. सालस. चार वेळा तपासला, चारही वेळा तेच. कमी घातला तर काही नाही, थोडा वाढवला की चमक एकदम जमिनीवर.

शंकासुर आलेख घेऊन बराच वेळ बसला. "रेषा फारच उभी आहे," म्हणाला. "औषध उतरतं ते जिन्याने. हा कड्यावरून उडी मारतोय."

मोठ्या बाई म्हणाल्या, "तुला चांगली बातमी पचत का नाही रे?"

तो हसला आणि म्हणाला, "पचवतो. प्रयत्न करतो." मग कागद फाइलमध्ये ठेवून दिला. त्याला असं गप्प बसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

१३ मार्च

बाहेर बोलायचं नाही असा नियम आहे. वन्संना सांगितलं.

शंकासुराने बजावलं होतं की इथून औषध व्हायला दहा वर्षं, तीही सगळं सुरळीत झालं तर. तेही सांगितलं. वन्संनी लगेच बेरीज केली.

"म्हणजे मी चौऱ्याहत्तर. उत्तम वय आहे. तोवर तुझं इंग्रजीही सुधारेल."

आणि हसल्या, चांगल्या मोठ्याने, ठसका लागेपर्यंत. इतक्या महिन्यांत त्यांना एवढं खुश पाहिलं नव्हतं. ह्यांना निदानानंतर चार वर्षं मिळाली, हे मला त्या वेळी आठवलं. पण वन्सं चिवट आहेत. आणि दहा म्हणजे कधी कधी आठही होतात.

२३ मार्च

रविवार. वन्सं म्हणाल्या, "आज नको जाऊस. गप्पा मारू."

मी म्हटलं, "तुमच्यासाठीच तर जातेय ना?" पांढऱ्याच्या भावंडांच्या, म्हणजे त्याच्यासारख्याच घडणीच्या रसायनांच्या, साठ कुप्या काढायच्या होत्या.

संध्याकाळी आले तेव्हा त्या खिडकीतच बसल्या होत्या, सकाळी बसवलं होतं तिथेच. शेजारीणबाई दोनदा डोकावून गेल्या म्हणे.

२९ मार्च

इस्पितळातून पत्र आलं. दुसऱ्या शहरात एका औषधाची रुग्णांवर चाचणी सुरू होतेय. आजार थांबत नाही, पण थोडा सावकाश होऊ शकतो असा अंदाज आहे. वन्संना जागा मिळतेय. दहा एप्रिलच्या आत हो कळवायचं. दर पंधरा दिवसांनी तिथे जाऊन राहायचं, पाठीच्या कण्यात सुई.

वन्संनी पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "नको."

"का नको?"

"तुझी गोळी येतेय ना? मग दुसऱ्यांच्या सुया कशाला? त्यांचं औषध अंगात असलं तर उद्या तुमचे लोक मला घेणार नाहीत. दोन दगडांवर पाय नको."

"अहो, पण आमचं अजून..."

"पांढरा आहे, सालस आहे, तूच म्हणालीस."

मी थोडा वाद घातला. पुरेसा घातला का? आत कुठेतरी मी सुखावले होते, हे इथे लिहून ठेवते. जन्मभर त्यांनी माझं एकही उत्तर बरोबर म्हणून मान्य केलं नव्हतं.

१० एप्रिल

मुदत संपली. नाही म्हणून कळवलं. पत्र मीच लिहिलं, त्यांना पेन धरवत नाही. सही म्हणून अंगठा घेतला. चाळीस वर्षं मास्तरीण असलेल्या बाईचा अंगठा.

१९ एप्रिल

वन्सं आवराआवर करतायत. म्हणजे बोटाने दाखवतात आणि मी करते. चालायचे बूट शेजारीणबाईंना दिले. सहा वर्षं रोज वापरलेले. "चावतात मला," म्हणाल्या. "बरी झाले की नवे घेईन." पुस्तकं शाळेला पाठवली. "नव्या आवृत्त्या आल्यात, त्या घेऊ." आणि चांगला लोकरीचा कोट मला घालून बघायला लावला. खांद्यात घट्ट झाला. "बायका साठीत रुंद होतात," म्हणाल्या. "शिवण उसवून घे."

नव्याने सगळं घ्यायचा त्यांचा हा उत्साह बघून मला धीर आला.

बोलणं थोडं जड झालंय. सकाळी जास्त.

६ मे

पांढऱ्याच्या भावंडांमधली अकरा चांगली निघाली. मोठ्या बाई आढाव्याचं भाषण लिहितायत. जुना जार संपला, नवा केला. वन्संचं जेवण आता मिक्सरमधून काढते.

९ मे

काहीतरी बिनसलंय. आज पांढरा चालला नाही. चमक तशीच्या तशी. भावंडंही तशीच. दोनदा तपासलं.

मोठ्या बाई म्हणाल्या, "भुकटी खराब झाली असेल. ताजी मागवा." शंकासुर बाहेर जाऊन उभा राहिला. मी कुपी पाहिली. भुकटी जशी होती तशीच आहे.

१२ मे

ताजी भुकटी आली. नाही चालत.

घरी वन्संनी विचारलं, "काय म्हणतोय तुझा पांढरा?" मी म्हटलं, "मजेत."

१४ मे

आज जेवायच्या सुट्टीत ही वही मागे चाळली. मार्चमध्ये चालत होता, मेमध्ये चालत नाही, तर मध्ये काय बदललं हे शोधत होते. प्रयोगाच्या वहीत सगळं सारखंच आहे. सहा जिन्नस, सहा खुणा. या वहीत मात्र सतरा फेब्रुवारीच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलंय, "पाच झाले होते."

ते वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगता येत नाही.

सहावा जिन्नस मी घातलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी फेस आला नाही म्हणून खुश झाले होते. फेस यायलाच हवा होता. सासूबाई खोलीत आल्याच नाहीत आणि सदतिसातल्या कित्येकांनी टोळकं केलं. त्यातला जो दिसायला सालस होता त्याला आम्ही डोक्यावर घेतलं. सहा मेला केलेल्या जारमध्ये थेंब आहे. म्हणून सगळं बंद.

डबा तसाच परत आणला.

१५ मे

खात्री करून घेतली. सगळे बैठकीत होते. दोन काचनळ्या घेतल्या, दोन्हींत पांढरा. एकीत डिटर्जंटचा थेंब, एकीत नाही. टॉर्च लावला. थेंबाच्या नळीतून उजेड सरळ पलीकडे गेला. दुसरीत तो मध्येच दिसत राहिला, धुक्यात दिव्याचा झोत दिसावा तसा. तिच्यातही एक थेंब टाकला, उलटीसुलटी केली. धुकं गेलं.

नळ्या धुऊन ठेवल्या.

बोलले नाही.

१६ मे

बोलले नाही. मनात येतं ते लिहून ठेवते. कागदावर सहा खुणा आहेत. ही वही सोडून जगात कुणाला ठाऊक नाही. मोठ्या बाई आता नवी भुकटी तिसऱ्या ठिकाणाहून मागवतायत. आढाव्यात मार्चचे आकडे दाखवतील. ते आकडे खोटे कुणी पाडलेले नाहीत, यंत्राने जे पाहिलं तेच आहे. काम चालू राहील. वर्षभर तरी राहील. वन्संना वर्षभर आशा राहील. नंतर कळलं तरी तेव्हा...

त्या वाक्याच्या पुढे मला जाता येईना.

पण ते वर्ष पांढऱ्यापाठी जाईल. अकरा भावंडांपाठी जाईल. आणि त्या बारा हजारांत खरा एखादा असला तर तो तिथेच गोठून राहील. मला असं वाटतंय की खरा त्यात नाहीच. सहा वर्षांत मी प्रत्येक कुपी हाताळली आहे.

१८ मे

वन्संना पाणीही ठसका लागल्याशिवाय जात नाही. आता मध घालून दाट करून देते. "गोळी पातळ करून देणार का दाट?" असं विचारत होत्या. मला तीनदा विचारावं लागलं तेव्हा कळलं.

१९ मे

सकाळी साडेनऊला शंकासुराच्या टेबलाशी गेले. ही वही नेली होती. सतरा आणि अठरा फेब्रुवारीची पानं उघडून त्याच्यासमोर ठेवली.

त्याने वाचलं. वाचताना एकदा त्याचं बोट त्या ओळीवर थांबलं. मग वही मिटून माझ्या हातात दिली.

"टॉर्च लावून पाहिलात?"

"पाहिला. धुकं आहे. थेंबाने जातं."

"कधी?"

"चार दिवस झाले."

तो खुर्चीत मागे रेलला. "मी तो आलेख पाहिला त्याच दिवशी एक थेंब टाकून बघायला हवं होतं. दहा मिनिटांचं काम. विद्यार्थ्यांना पहिल्या आठवड्यात शिकवतो मी ते." फाइल ओढून तो कागद बाहेर काढला. "अकरा वर्षं नाही म्हणतोय, काकू. एकदा हो म्हणून बघावंसं वाटलं."

त्याची मला दया आली आणि रागही आला. त्याने नेहमीसारखी शंका घेतली असती तर मार्चमध्येच सगळं मिटलं असतं. दहा एप्रिलच्या आधी.

मग दोघं मोठ्या बाईंकडे गेलो. त्या भाषणाची चित्रं लावत होत्या. मी उभ्यानेच सांगितलं. त्यांनी सहा खुणांचा कागद काढला, माझ्यासमोर धरला.

"ही सहावी खूण तुमचीच ना?"

"माझीच. आधी करून ठेवते मी. सवय आहे."

"आमच्यापैकी कुणी जारमध्ये फेस आहे का बघितलं नाही."

"मी बघितला होता. नव्हता म्हणून बरं वाटलं मला."

त्यांनी कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "काकू, प्रामाणिकपणाबद्दल आभार वगैरे मला आज म्हणता येणार नाही. पुढे कधीतरी म्हणेन." आणि पडद्यावरून पांढऱ्याचं चित्र काढून टाकलं. त्याच्याखाली दुसरं काही नव्हतं.

दुपारी शंकासुराने सगळ्यांसमोर थेंबाची चाचणी केली. पांढरा गेला, अकराही भावंडं गेली. लबाडांच्या वहीत बारा नावं लिहिली. एकशे बावन्न झाली.

आढावा होईल, पण काय होणार ते ठरल्यातच जमा आहे. कुप्यांची खोली दुसऱ्या गटाला जाईल. मला ठेवतील बहुधा. द्रावणं करायला ठेवतील की भांडी धुवायला, ते माहीत नाही.

घरी आले तर वन्संना झोप लागली होती. उठवलं नाही.

२० मे

आज संध्याकाळी सांगितलं. भरवून झालं, तोंड पुसलं, आणि चमचा हातात असतानाच सांगून टाकलं. जार, फोन, सहावी खूण, धुकं, सगळं. पृथ्वीच्या गुणधर्माने त्या पडल्या त्या दिवशीचा फोन होता, हे मात्र गाळायचं ठरवलं होतं. पण त्या मास्तरीण. तारीख विचारली.

"सतरा फेब्रुवारी."

"म्हणजे... मी पडले... म्हणून तुझा पांढरा... जन्मला."

"तसं नका म्हणू."

"बरोबर आहे की... उत्तर."

आता त्यांचं एकेक वाक्य संपायला वेळ लागतो. मी बसून राहिले. मग बोलले. "वन्सं, माझ्यामुळे तुम्ही ती चाचणी सोडलीत. थोडे महिने तरी वाढले असते. माझ्या गोळीवर विसंबून सोडलीत तुम्ही."

त्यांनी मान हलवली. नाही अशी.

"सुया... नको होत्या मला. आधीच नको होत्या. त्याला दिल्या... बघितलं होतं." त्याला म्हणजे ह्यांना. "तुला सरळ नको म्हटलं असतं... तर भांडली असतीस. म्हणून... तुझी गोळी पुढे केली."

"आणि दहा वर्षं? बेरीज केलीत, हसलात..."

"बेरीज येते मला." थोडं थांबल्या. लाळ पुसली मी. "वजाबाकी पण येते."

मग त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं दमल्या. मी ताट उचलायला उठले तेव्हा म्हणाल्या, "तुझा चेहरा... गोळी, गोळी म्हणताना... बरा दिसायचा. नाहीतर तू... सात वर्षं... सुतकी."

हे सगळं त्या माझा अपराध हलका व्हावा म्हणून बोलल्या असतील. स्वभावच तसा, स्वतःला कमी पडलं तरी दुसऱ्याचं गणित सोडवून देणाऱ्या. त्यांच्या मनात आशा होती याची मला खात्री आहे. ते नवे बूट, नव्या आवृत्त्या, ते काय उगीच?

दिवा मालवताना त्यांनी विचारलं, "उद्या... जाणारेस?"

मी म्हटलं, "बघते."

२१ मे

कामावर गेले नाही. फोन करून सुट्टी कळवली, किती दिवसांची ते सांगितलं नाही. वन्संना सकाळचं भरवलं, सव्वा तास लागला. मग खुर्ची उन्हात ओढून दिवसभर त्यांच्याजवळ बसले.